त्याने मित्राला कुठे ठेवलं

ऑगस्टमधला तो रविवार अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातली बरीचशी प्रकरणं आज कोणी फाईल समोर ठेवल्याशिवाय आठवणार नाहीत. या प्रकरणात खून नव्हता आणि दरोडाही नव्हता. तरी ते आठवतं, कारण त्या दिवशी नक्की काय घडलंय हे आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हतं. संशयिताला नाही, तक्रार करणारीला नाही आणि मलाही नाही.

मी वायव्य लंडनमधल्या एका स्टेशनात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. नऊ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर दादरहून इथे आलो. वडील हॉस्पिटलात डॉक्टर होते. मराठी मी घरात बोललो, मंडळाच्या गणपतीत बोललो. त्यामुळे हॅरोच्या बाजूचा एखादा मराठी माणूस पोलिसांच्या दारात आला की मला हाक पडायची. याचा मला थोडा अभिमान होता. त्याच अभिमानापायी त्या दिवशी दीड तास फुकट गेला, ते पुढे येईलच.

नावं कोणाचीच देत नाही. दोन मित्र होते. एकाच कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारे, वर्क व्हिसावर आलेले, तिशी नुकतीच ओलांडलेले. एकाला नागपूरकर म्हणू आणि दुसऱ्याला पुणेकर.

सकाळी पावणेआठला नागपूरकर एकटाच चालत स्टेशनात आला. काउंटरवरच्या मुलीला त्याने शांतपणे इंग्रजीत सांगितलं, की बहुतेक माझ्या हातून माझ्या मित्राला काहीतरी झालं आहे, मला आत घ्या. तिने त्याचं आडनाव पाहून मला बोलावलं.

मी बाहेर आलो तेव्हा तो बाकावर बसला होता. धिप्पाड माणूस, अंगात चुरगळलेला निळा शर्ट. उजव्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं आणि त्याच हाताच्या बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलवटलेली होती.

मी मराठीत विचारलं, "काय झालं?"

मराठी ऐकून त्याचे डोळे भरले. "आठवत नाही, सर."

"मग मित्राला काही झालं असं का वाटतं?"

"हे रक्त माझं नाही. अंगावर कुठेच एवढी जखम नाही. आणि तो फोन उचलत नाहीये. आम्ही दोघं बरोबर निघालो होतो."

"कुठून?"

आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांच्या एका सहकाऱ्याच्या घरी मागच्या बागेत बार्बेक्यू होता. दुपारी एकला सुरू झाला. यजमानाने मोठ्या जगमध्ये फळांचे तुकडे घालून जिन मिसळलेलं सरबतासारखं पेय केलं होतं. ऊन कडक होतं, पेय गोड आणि थंडगार होतं. कोण किती ग्लास प्यालं याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. नागपूरकराला शेवटचं आठवत होतं ते असं: पुणेकराने त्याच्या हातात भाजलेलं मक्याचं कणीस दिलं आणि म्हणाला, "हे तूच खा, मला नको." त्यानंतरची आठवण एकदम पहाटेची. स्वतःच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये तो फरशीवर पडलेला होता. मधल्या वेळाचं काहीच नाही.

माझा पहिला विचार असा, की हा माणूस खोटं बोलतोय. 'आठवत नाही' हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलं होतं, की ते ऐकलं की माझे कान आपोआप टवकारायचे. पण खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःच्या पायांनी चालत येत नाही. हे गणित काही जमत नव्हतं.

साडेआठच्या सुमाराला पुणेकराच्या बायकोचा फोन आला. नवरा रात्री घरी आला नाही. नागपूरकराची बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, त्यामुळे हे दोघं त्याच्या फ्लॅटवर झोपले असतील असं ती धरून चालली होती. सकाळी फ्लॅटवर गेली तर दार बंद. यजमानाला फोन केला, तर तो म्हणाला, दोघं सात वाजताच निघाले, आणि जरा अडखळत पुढे म्हणाला, की निघण्याआधी दोघांमध्ये वाजलं होतं.

कशावरून वाजलं हे आम्ही यजमानाकडूनच काढून घेतलं. त्यांच्या कंपनीत एडिनबराच्या ऑफिसमध्ये एक वरची जागा निघाली होती. दोघांनी अर्ज केला होता आणि ती पुणेकराला मिळाली होती. नागपूरकराच्या व्हिसाचं पुढचं सगळं अशाच एखाद्या जागेवर अवलंबून होतं, आणि वर बाळ येऊ घातलेलं. बागेत तो मोठ्याने म्हणाला होता, "तू माझ्या पोटावर पाय दिलास."

म्हणजे भांडण होतं, कारण होतं, बाहीवर रक्त होतं आणि एक माणूस बेपत्ता होता. मी नागपूरकराला मारहाणीच्या संशयावरून अटक केली, कॉशन, म्हणजे गप्प राहण्याच्या हक्काची ताकीद, वाचून दाखवली आणि कस्टडीत नेलं. कस्टडी सार्जंटने त्याचे बूट, पट्टा आणि शर्ट ताब्यात घेऊन पाकिटांत सील केले. फोन कुठे आहे विचारलं तर तो म्हणाला, घरीच असेल, सकाळी सापडला नाही, मित्राचा नंबर फिरवायला शेजाऱ्याचा फोन घेतला.

आमची कस्टडी नर्स एडिनबराची, पन्नाशीची आणि मोजकं बोलणारी होती. तिने त्याच्या श्वासाची चाचणी घेतली आणि आकडा मला दाखवला.

"हा इथे आत्ता गाडी चालवू शकतो," ती म्हणाली. "आमच्या स्कॉटलंडमध्ये पकडला जाईल. तिथली मर्यादा कमी आहे. पण तुम्ही आजचा आकडा पाहू नका. शेवटचा घोट घेऊन याला बारा तासांहून जास्त झालेत, तरी एवढं शिल्लक आहे. काल संध्याकाळी किती असेल त्याचा विचार करा. शरीर दारू ठरलेल्याच गतीने बाहेर टाकतं. कॉफी प्या, अंघोळ करा, ती गती वाढत नाही."

"आणि हे न आठवणं? खरं असू शकतं?"

"नक्कीच. आधी जातं ते तारतम्य. माणूस धीट होतो, मोठ्याने बोलतो. मग तोल जातो, मग जीभ जड होते. रक्तातलं प्रमाण फार भराभर चढलं तर मेंदू आठवण नोंदवायचंच थांबतो. माणूस चालतो, बोलतो, आभारसुद्धा मानतो. समोरच्याला वाटतं हा ठीक आहे. पण आत काही लिहिलं जात नसतं."

"नंतर आठवेल का?"

"जे लिहिलंच नाही ते कुठून वाचणार?" मग तिने विचारलं, "तो दुसरा माणूस केवढा आहे?"

मी त्याच्या बायकोने पाठवलेला फोटो दाखवला. पुणेकर अगदी किरकोळ अंगाचा होता, मित्राच्या खांद्याला लागेल एवढा. शिवाय शनिवार असल्यामुळे तो चिकनला शिवला नव्हता, आणि एकुलतं एक कणीस त्याने मित्राला देऊन टाकलं होतं. म्हणजे पोट रिकामं, आणि जगमधलं पेय दोघांनी बरोबरीने प्यालेलं.

नर्सने फोटो परत दिला. "तेवढेच ग्लास या शरीरात गेले तर प्रमाण कितीतरी वर जातं. तिथे उलटी घशात अडकली तरी ठसका लागत नाही. श्वास मंदावतो, अंगातली ऊब निघून जाते. पडला असेल, डोक्याला लागलं असेल, तरी बघणाऱ्याला वाटतं दारूने झोपलाय. त्याला लवकर शोधा. आणि याची चौकशी आत्ता करू नका. हा चार तास तरी चौकशीच्या अवस्थेत नाही."

नियमही तेच सांगतो. नशेतल्या माणसाची चौकशी करायची नाही, आणि वकील मागितला असेल तर तो येईपर्यंत थांबायचं. पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर सुपरिंटेंडंटच्या परवानगीने तेवढ्यापुरती तातडीची चौकशी करता येते. मी फोन करून परवानगी घेतली. सव्वानऊला नागपूरकर माझ्यासमोर बसला. रेकॉर्डिंग सुरू केलं.

"तुमचा मित्र कुठे आहे?"

"माहीत नाही, सर. खरंच."

"भांडण झालं होतं?"

"झालं असेल. मला राग होता, हे मात्र खरं आहे."

"निघाल्यावर रस्त्यात राग होता?"

"असणार."

"हाताला हे लागलंय ते कशाने? विटांच्या भिंतीला घासलंय?"

तो हाताकडे बघत राहिला. "असेल."

मी तेच पुन्हा विचारलं, मग वेगळ्या शब्दांत विचारलं. ही आमची नेहमीची पद्धत. अकराव्या मिनिटाला तो म्हणाला, "मी ढकललं असणार." चौदाव्या मिनिटाला म्हणाला, "ढकललं. भिंतीपाशी. विटांची भिंत होती. तो मागे पडला." त्याचा आवाज एकदम स्थिर झाला होता. इतका वेळ धुक्यात चाचपडणाऱ्या माणसाला पाय टेकायला जागा मिळावी तसा.

"कुठली भिंत?"

"ते नाही आठवत."

मी बाहेर आलो. सहकाऱ्याने पाठीवर थाप मारली. गुन्हा कबूल झाला होता, पण मित्र कुठे आहे हे अजून कळलं नव्हतं. आणि मला आतून बरं वाटत नव्हतं. का, ते सांगता आलं नसतं.

तोपर्यंत पुणेकराची बायको स्टेशनात येऊन बसली होती. कडेवर दोन वर्षांची मुलगी. मला पाहून ती उठली.

"अहो, तुम्ही मराठी आहात ना? मग मला सरळ सांगा. त्याने काही सांगितलं का?"

तपास चालू असताना असं सांगायचं नसतं. तरी तिचा चेहरा बघून मी एवढंच बोललो, की तो म्हणतोय, माझ्याकडून धक्का लागला असेल.

तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "तो तसंच म्हणणार. धक्का दिला असला तरी म्हणेल आणि नसला तरी म्हणेल. ऑफिसमध्ये सर्व्हर बंद पडला तरी हाच सॉरी म्हणतो. त्याच्या सांगण्यावर नका जाऊ. तुम्ही माझ्या नवऱ्याला शोधा, प्लीज."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं नाही. ठेवायला हवं होतं.

दहा वाजल्यापासून आम्ही कॅमेऱ्यांच्या मागे लागलो. बसमधल्या कॅमेऱ्यात दोघे सापडले. संध्याकाळचे सात वाजून नऊ मिनिटं, इथल्या उन्हाळ्यामुळे बाहेर अजून लख्ख उजेड. नागपूरकराने पुणेकराला कमरेत धरलं होतं. त्याने आपलं कार्ड लावलं, मित्राच्या खिशातून त्याचं कार्ड काढून तेही लावलं, आणि ड्रायव्हरला मान डोलावून थँक्यू म्हणाला. हा माणूस यातलं काहीच नोंदवत नाहीये यावर विश्वास बसणं कठीण होतं. नागपूरकराच्या घराच्या दोन स्टॉप आधी पुणेकराला उलटीची उबळ आली आणि दोघे उतरले.

त्यानंतर कॅमेरा होता तो थेट एका कोपऱ्यावरच्या दुकानाचा. सात पस्तीस. नागपूरकर एकटा. पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, पैसे दिले, बाहेर पडला. अंगातलं जाकीट मात्र गायब. बसमध्ये ते होतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "अगदी नीट होता. सभ्यपणे बोलला. प्यायलेला वाटला नाही."

सहकारी म्हणाला, "बघ, थंड डोक्याचा आहे." मलाही तसंच वाटलं. मित्राला कुठेतरी टाकून हा पाणी विकत घेतोय. बस सोडल्यापासून दुकानापर्यंत वीसेक मिनिटं. त्यात काय घडलं ते सांगू शकणारा एक माणूस आमच्या कोठडीत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

त्या बसस्टॉपच्या आसपासचे रस्ते, मागच्या गल्ल्या आणि बागा पाहायला दोन गाड्या पाठवल्या. बाराच्या सुमाराला फ्लॅटच्या झडतीत त्याचा फोन मिळाला, बाथरूममध्ये टबच्या मागे पडलेला, बॅटरी संपलेली. तिथेच बेसिनवर गाडीची किल्ली होती. नागपूरकराने विनाखळखळ पिन दिला. तो देताना तोवर येऊन पोचलेली त्याची वकील शेजारी बसली होती आणि यापुढे त्याने काहीही बोलू नये असं तिने मला स्पष्ट सांगितलं. तिचं बरोबर होतं.

फोन चार्ज केला. आदल्या संध्याकाळी सात बेचाळीसला त्याने नागपूरला बायकोला एक व्हॉइस मेसेज पाठवलेला होता. तो पाठवल्याचंही त्याला माहीत नसणार. तिने तो ऐकला होता, उत्तर दिलेलं नव्हतं.

सगळे माझ्याभोवती जमले, कारण मराठी मला एकट्यालाच येत होतं. वाऱ्याचा आवाज, धाप, आणि जड जिभेने बोललेले तुटक शब्द. मी पाच वेळा ऐकलं आणि लिहून घेतलं: "अगं ऐक ना... तो झोपला. उठूनच नाही राहिला. मी त्याले खोलीत ठेवलं. जाकीट घातलं अंगावर. मी गाडी घेऊन येतो... तू टेन्शन नको घेऊ."

खोलीत ठेवलं. चला, धागा मिळाला. म्हणजे कुठेतरी खोली आहे. मी आत्मविश्वासाने इंग्रजीत भाषांतर करून टीमला दिलं. त्या परिसरातली दोन छोटी गेस्ट हाउस, एका चर्चचा हॉल, रिकामी घरं, भाड्याने दिलेली गॅरेजेस, सगळं पाहिलं. दीड तास. काही नाही. ऊन वर चढत होतं आणि नर्सचे शब्द माझ्या कानात होते. एका रिकाम्या गॅरेजमध्ये उभा असताना वाटलं, की त्या मेसेजमध्ये खोली वगैरे काही नसेलच, दारूच्या भरात बरळला असेल. मग कबुलीही बरळणंच असेल का? आणि कबुली खरी मानली तर मेसेज खोटा कसा?

दोन वाजता मी नागपूरला त्याच्या बायकोला फोन केला. तिथे संध्याकाळ झाली होती. खरं तर मला भांडणाबद्दल विचारायचं होतं. तिला नववा महिना, म्हणून शब्द जपून वापरत होतो. पण तिला शेजाऱ्याकडून सगळं कळलेलं होतं.

ती म्हणाली, "मेसेज मी सकाळी ऐकला. पिऊन केलाय हे समजलं, मला राग आला, म्हणून रिप्लाय नाही केला. आता वाटतं करायला पाहिजे होता. पण सर, त्याला कोठ्यात कशाला ठेवलं असेल ह्यांनी? तिथे लंडनमध्ये कोठा कुठून आला?"

"काय म्हणालात? कशात?"

"कोठ्यात. ते म्हणतात ना, मी त्याले कोठ्यात ठेवलं. ह्यांचं लहानपण गावात गेलं. घरी आम्ही असं नाही बोलत, पण चिडले किंवा पिले की गावचं बोलतात."

"कोठा म्हणजे खोली ना?"

"नाही हो. कोठा म्हणजे गुरांचा. तुम्ही गोठा म्हणता तो."

पाच वेळा ऐकूनही मला तो शब्द ऐकू आला नव्हता. तो माझ्या दादरच्या मराठीत नव्हता, म्हणून माझ्या कानाने त्या जागी ओळखीचा शब्द बसवून टाकला होता.

गुरांचा गोठा हॅरोजवळ कुठे असणार? पण शहराच्या त्या कडेला घरांची रांग संपते तिथे हिरवा पट्टा सुरू होतो आणि तिथे घोडे पाळणारे लोक आहेत. बसस्टॉपपासून एक पायवाट त्या बाजूला जाते. आम्ही बागा आणि गल्ल्या पाहिल्या होत्या, शेताकडे कोणी वळलंच नव्हतं.

अडीचच्या आसपास आम्ही तिथे पोहोचलो. कुंपणापाशी घोड्यांची मालकीण भेटली. साठीची बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बेपत्ता माणसाचं सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "मी आत्ता तिकडेच निघाले होते. माझ्या दोन घोड्या आज सकाळपासून उन्हात उभ्या आहेत. एवढ्या माश्या आहेत, तरी शेडमध्ये जात नाहीत. आत काहीतरी आहे."

शेताच्या टोकाला तीन बाजूंनी लाकडी भिंती आणि वर पत्रा असलेली शेड होती. आत, कोपऱ्यातल्या गवतावर, पुणेकर डाव्या कुशीवर झोपलेला होता. पाठीमागे गवताची एक पेंढी लावून ठेवलेली, म्हणजे तो उताणा होऊ नये. अंगावर मोठ्या मापाचं जाकीट. डोक्याशी पाण्याच्या दोन बाटल्या, न उघडलेल्या. नाकातून आलेलं रक्त गालावर वाळलं होतं. हाताला गार लागला. मी गळ्यावर बोटं ठेवली आणि माझी मलाच खात्री होईना, म्हणून बरोबरच्या कॉन्स्टेबलला ठेवायला सांगितली.

"आहे," ती म्हणाली. "श्वास आहे."

हॉस्पिटलात त्याच्या कवटीला मागच्या बाजूने तडा गेलेला आढळला. आत हळूहळू रक्तस्राव चालू होता. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. सर्जनने नंतर मला सांगितलं, "कुशीवर नसता तर उलटीनेच संपला असता. आणि आणखी काही तास तिथे राहिला असता, तर डोक्यातल्या रक्ताने. ज्याने त्याला कुशीवर ठेवलं त्याने त्याला वाचवलं. ज्याने ॲम्ब्युलन्स बोलावली नाही त्याने जवळजवळ मारलं."

मी त्याला सांगितलं नाही, की तो एकच माणूस आहे.

घटनाक्रम बराचसा जुळला. बसमधून उतरल्यावर उलट्या झाल्या, पुणेकर कोसळला, मित्राने त्याला पायवाटेने उचलून सावलीत नेलं, नीट ठेवलं, पाणी आणलं, मग गाडी आणायला घरी गेला आणि गाडीची किल्ली हातात घेतल्यावर बाथरूममध्ये पडला. तो तिथे पडला हे त्या रस्त्यावरच्या इतरांचं नशीब, नाहीतर त्या अवस्थेत तो गाडी घेऊन निघाला असता. फक्त एक गोष्ट कधीच जुळली नाही. पुणेकर मागे पडला तो स्वतःचा तोल जाऊन, की ढकलल्यामुळे? पायवाटेच्या तोंडाशी खरोखरच विटांची एक बुटकी भिंत होती. तिच्यावर रक्ताचा डाग मिळाला. पण तशी भिंत हॅरोत दर दुसऱ्या घरापुढे आहे, कोणीही अंदाजाने सांगेल. मी चौकशीचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. विटांची भिंत पहिल्यांदा बोललो होतो मी. त्याआधी त्याच्या बोलण्यात भिंत नव्हतीच. धक्का, राग, मागे पडणं, यातलं जवळजवळ प्रत्येक पाऊल माझ्या प्रश्नातून त्याच्या उत्तरात गेलेलं होतं.

पुणेकर तीन आठवड्यांनी बोलण्याइतका बरा झाला. वास घेण्याची त्याची शक्ती मात्र कायमची गेली. जबाब घ्यायला मी गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता.

"मला बस आठवत नाही, मित्र आठवत नाही, काहीच नाही," तो म्हणाला. "यजमानाचा कुत्रा आठवतो. तुम्ही त्याच्याविरुद्ध केस करणार?"

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं असायला मला ठाऊक तर हवं. कदाचित मीच त्याला ढकलायला गेलो असेन आणि पडलो असेन. मीही प्यायलो होतोच ना?"

पुराव्याअभावी पुढची कारवाई झाली नाही. सील केलेल्या वस्तू परत घ्यायला नागपूरकर ऑक्टोबरात स्टेशनात आला. दरम्यान त्याला मुलगी झाली होती. पुणेकर वर्षभर काम करू शकणार नव्हता, म्हणून कंपनीने एडिनबराची जागा याला देऊ केली होती. बुटांचं पाकीट हातात घेऊन तो उभा राहिला, जाईना.

"सर, तुम्ही सगळं पाहिलंय. कॅमेरे, रिपोर्ट, सगळं. मी ढकललं का त्याला?"

तीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी मला दया मागितली, जामीन मागितला. स्वतःबद्दलचं सत्य मागायला आलेला हा एकच. त्याला 'नाही' म्हणणं सोपं होतं. त्याला बरं वाटलं असतं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "तुम्ही त्याला कुशीवर ठेवलंत, एवढं ठाऊक आहे."

"तेही मला आठवत नाही. ते मीच केलं असं तुम्ही सांगता म्हणून मानायचं. तसंच ढकललेलंही मानतो."

"त्याने काय सांगितलं तुम्हाला?"

"तो म्हणतो, जा एडिनबराला. घर बघून ठेव, बरा झालो की मुलीला किल्ला दाखवायला घेऊन येतो." त्याने पाकीट काखेत धरलं. "जाईन मी. पण त्या खुर्चीत बसलो की रोज हा प्रश्न पडेल."

तो गेला. एडिनबराला गेला हे मला नंतर कळलं. पुणेकरही वर्षभराने कामावर रुजू झाला.

निवृत्त झाल्यापासून मंडळाच्या पिकनिकला मी हे प्रकरण नावं न घेता सांगतो. लोकांना वाटतं मी पिऊ नका म्हणणार. मी तसं म्हणत नाही, मीही घेतो. मी एवढंच सांगतो, की आधी पोटभर जेवा, घरी ओतलेल्या ग्लासाचा भरवसा धरू नका, आणि आपल्यापेक्षा लहान चणीच्या माणसाशी बरोबरी लावू नका. जो उठत नाही तो 'झोपलाय' असं समजून त्याला एकटा सोडू नका. कुशीवर वळवा, जवळ थांबा, ॲम्ब्युलन्ससाठी नऊशे नव्व्याण्णव फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ताजंतवानं वाटलं तरी किल्लीला हात लावण्याआधी रात्रीचे तास मोजा.

मला स्वतःला जे शिकायला मिळालं ते मात्र दारूबद्दलचं नव्हतं. मोकळी जागा दिसली की माणूस ती भरतो. नागपूरकराने आठवणीतली जागा माझ्या प्रश्नांनी भरली, मी ऐकण्यातली जागा माझ्या मराठीने भरली, आणि दोघांनाही आपण खरं बोलतोय असंच वाटत होतं. त्यानंतरच्या नोकरीत मी चौकशीत उत्तर दडलेला प्रश्न विचारला नाही. काही प्रकरणं त्यामुळे लांबली. वरिष्ठ कुरकुरले.

फाईल बंद करताना एका रकान्यात 'इजा कशी झाली' हे लिहायचं असतं. आमच्याकडे तो रकाना मोकळा सोडलेला चालत नाही. मी पेन घेऊन बराच वेळ बसलो. माझ्याकडे रेकॉर्ड केलेली कबुली होती, ती लिहिली असती तर कोणी हरकत घेतली नसती. अपघात लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी लिहिलं, 'माहीत नाही', आणि खाली सही केली.